यंत्र वाजलं नाही, की वाजतच नव्हतं?

कोणी एसटीत असेल, कोणी हॉस्टेलच्या गच्चीवर, कोणी आईने सांगितलेली भांडी घासता घासता कानात हेडफोन घालून ऐकत असेल. सगळ्यांचं मनापासून स्वागत. आणि जे ऐकण्याऐवजी हा मजकूर वाचताय, त्यांचंही. डेटा संपला की वाचणं स्वस्त पडतं, मला माहितीय.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. नववीतला एक मुलगा आहे. नाव, गाव सांगत नाही. तो म्हणतो, "ताई, इन्स्पायर अवॉर्डला माझी आयडिया सिलेक्ट झाली. खात्यात दहा हजार आलेत. पण मला मॉडेल जमत नाहीये. ओळखीचे एक जण म्हणतात, साडेतीन हजारात रेडिमेड करून मिळतं, फक्त पाठ करून बोलायचं. सगळेच करतात म्हणे. मी काय करू?"

मी ती नोट तीन वेळा ऐकली. "करू नकोस" असं दोन शब्दांत उत्तर देता आलं असतं, पण ते मला शोभलं नसतं, कारण नववीत मीसुद्धा जवळपास हेच केलं होतं. त्यामुळे आज उपदेश कमी आणि माझी गोष्ट जास्त. शेवटी तुझ्या प्रश्नाचं उत्तरही देते, दादा.

आधी ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इन्स्पायर अवॉर्ड – मानक ही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना. सोबत राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे एनआयएफ. शाळा मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवते. आमच्या वेळी सहावी ते दहावीच्या मुलांसाठी होती. कल्पना निवडली गेली की मॉडेल करायला मुलाच्या बँक खात्यात दहा हजार रुपये येतात. मग जिल्हा प्रदर्शन, तिथून राज्य, तिथून राष्ट्रीय. पाठ्यपुस्तकातला ज्वालामुखी तिथे चालत नाही. आपल्या आजूबाजूच्या कुठल्या तरी अडचणीवर स्वतःला सुचलेलं काहीतरी पाहिजे असतं.

आता माझी अडचण कुठली असणार? मी चांदवड तालुक्यातली. आमच्याकडे कांदा. दुसरं काय!

उन्हाळ कांदा साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तेव्हा भाव पडलेला असतो, म्हणून तो चाळीत भरायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांना सांगते. मुंबईतली राहायची चाळ नाही ही. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला लांबलचक सांगाडा, बाजूला बांबूच्या नाहीतर लाकडाच्या पट्ट्या, मधून हवा खेळती, वर पत्रे. आत चार-साडेचार फूट कांदा. पाच महिने त्याच्याकडे बघत बसायचं. त्या पाच महिन्यांत कांद्याचं वजन घटतं, कुठे मोड येतात, कुठे काजळी धरते, आणि एखाद्या कप्प्यात ओल गेली की सडायला लागतो. एक सडला की त्याचं पाणी शेजारच्यावर. बाहेरून काही दिसत नाही.

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, रोज सकाळी चहाच्या आधी चाळीभोवती एक फेरी मारायचे. पट्ट्यांना नाक लावून. मी लहानपणी त्यांना हसायचे. नववीत मला वाटलं, हे काम यंत्राने करायला पाहिजे. आत तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, वासाचा गॅस सेन्सर, एक आर्डुइनो बोर्ड, आणि सिमकार्ड टाकायचं जीएसएम मॉड्यूल. ओल वाढली किंवा सडका वास आला की नानांच्या मोबाईलवर मेसेज. आयडिया निवडली गेली. खात्यात दहा हजार आले. त्या दिवशी आईने पासबुक देवापुढे ठेवलं होतं.

कल्पना माझी होती, हे मी आजही छातीठोक सांगते. युट्यूब बघून, नाशिकला दोन चकरा मारून, एका कॉलेजच्या दादाला त्रास देऊन मी बोर्ड जोडला. सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर दिसायला लागले. आनंदाने रडायचीच बाकी होते. मेसेज मात्र जात नव्हता. म्हणजे कधी जायचा, कधी नाही. पाच वेळा प्रयत्न केला की एकदा. मॉड्यूलवरचा दिवा लुकलुकायचा आणि मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. का, ते कोणालाच कळेना.

जिल्हा प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेत रडत बसले होते. आमचे एक सर आले. ते वाईट नव्हते, हे आधी सांगते. त्यांनी माझ्यासाठी सुट्टीचे रविवार घालवले होते. ते म्हणाले, "अगं, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तसंही रेंज नसते. मेसेज गेला असं दाखवायचं. तुझा भाऊ येणारच आहे ना सोबत?"

तर असं ठरलं. माझा चुलतभाऊ हॉलच्या बाहेर खिडकीशी उभा. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये 'चाळ' नावाने सेव्ह. मी सेन्सरजवळ ओला कपडा धरायचा, आकडा वाढला की बटण दाबल्यासारखं करायचं, आणि त्याने बाहेरून मेसेज सोडायचा. टिंग! "चाळ : आर्द्रता वाढली आहे."

परीक्षक खूश. एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनी एकच प्रश्न विचारला जो मला आजही आठवतो, "किती कांदा सडला की तुझं यंत्र ओळखतं?" मी म्हटलं, "सर, थोडा जरी सडला तरी." मी एकदाही तपासलं नव्हतं. सडका कांदा सेन्सरसमोर धरूनसुद्धा बघितला नव्हता, कारण मेसेजच्या भानगडीत वेळच उरला नव्हता.

राज्यस्तरासाठी निवड झाली. पेपरात तालुक्याच्या पानावर फोटो आला. नानांनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ओट्यावरच्या भिंतीला लावलं.

आणि मग त्यांनी ते केलं, जे कोणताही बाप करेल. म्हणाले, "आता तुझं यंत्र आपल्याच चाळीत लाव."

मी लावलं. इथे थांबून सांगते, कारण खरी चूक हीच. प्रदर्शनातली लबाडी लबाडी होतीच. पण नानांना "मेसेजचा भरवसा नाही" एवढं सांगितलं असतं तरी पुढचं टळलं असतं. ते सांगितलं तर प्रदर्शनातलं सांगावं लागणार, म्हणून मी गप्प राहिले. मनाशी म्हटलं, बघू, कधी कधी जातोच ना मेसेज.

ते २०१९ साल होतं. त्याच्या आदल्या वर्षअखेरीला कांदा रुपया-दोन रुपये किलोने गेला होता. आमच्याकडे लोकांनी तो रस्त्यावर ओतलेला मी पाहिलाय. २०१९ ला उलटं झालं. पाऊस लांबला, नवा कांदा हाती येईना आणि सप्टेंबरात भाव चढायला लागला. ज्याच्या चाळीत कांदा, तो राजा. नानांना त्या दिवसांत दुसरीकडेही कामं होती, गुडघाही दुखत होता. सकाळची फेरी रोजची होती, ती दोन-तीन दिवसांआड झाली. आई विचारायची तर म्हणायचे, "पोरीचं यंत्र आहे ना."

सप्टेंबरच्या मध्याला चाळ फोडली. वरचा कांदा सोन्यासारखा. मधल्या दोन कप्प्यांत हात घातला तर पाणी सुटलेलं. वाऱ्याने पावसाचं झोडपं त्या बाजूने आत जात होतं. माझा सेन्सर कुठे होता? वर, पत्र्याखाली, बोर्डाच्या शेजारी, कारण वायर तेवढीच लांब होती. सेन्सर जिथे टांगलाय तिथलीच हवा मोजतो, हे वाक्य मी आता कोणालाही झोपेतून उठून सांगेन. तेव्हा ते मला सुचलंही नव्हतं.

अठरा क्विंटल गेला. त्या आठवड्यात भाव क्विंटलला तीन हजारांच्या पुढे होता. तुम्हीच गुणाकार करा. चोपन्न हजारांच्या वर. मला मिळालेले दहा हजार. आणि महिना संपता संपता, २९ सप्टेंबरला, केंद्राने निर्यातबंदी केली, ते वेगळंच.

नाना ओरडले नाहीत. ते आणि आई आणि मजूर बायका कांदा निवडत होत्या, सडका उकिरड्यावर जात होता, मी पाट्या उचलत होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नाना मान खाली ठेवूनच म्हणाले, "बाळा, तुझं यंत्र वाजलं नाही, की वाजतच नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. खिडकीतला भाऊ, 'चाळ' नावाचा नंबर, सगळं.

ते म्हणाले, "मग मला सांगायचं ना. मी रोज गेलो असतो."

बस. एवढंच. आजपर्यंत त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. कात्रणही काढलं नाही भिंतीवरून. ते मी काढलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे फार झालं, आमचं मॉडेल काय कोणाच्या चाळीत जाणारे? प्रदर्शन संपलं की कपाटात. मान्य. पण मग एक विचारते. कपाटातच ठेवायचं असेल तर ते केलं कशाला?

या स्पर्धा आता नुसत्या विज्ञानाच्या राहिलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमध्ये शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळतात, त्यांच्या मॅरेथॉनमधून पुढे गेलेल्या मुलांना उद्योजकतेचं मार्गदर्शन असतं. टेक्नोव्हेशन ही मुलींची जागतिक स्पर्धा आहे, त्यात ॲपसोबत व्यवसायाचा आराखडाही द्यावा लागतो. म्हणजे दोन प्रश्न एकत्र आले : हे चालतं का, आणि हे कोणी विकत घेईल का. पहिला विज्ञानाचा, दुसरा धंद्याचा. गंमत अशी की दुसऱ्याच्या नादात पहिला लपवायचा मोह मोठा असतो. अमेरिकेत एलिझाबेथ होम्सने एकोणिसाव्या वर्षी, २००३ मध्ये, थेरानॉस नावाची कंपनी काढली. बोटातल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करू, म्हणाली. यंत्राला ते जमत नव्हतं, बऱ्याच तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर होत होत्या. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी तिला अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खिडकीतला माझा भाऊ आठवला. प्रमाण वेगळं, पण जात तीच.

आता दुसरी बाजू. माझं पुढे काय झालं?

राज्यस्तरावर जायच्या आधी मी सरांना म्हटलं, मी खरं तेच मांडणार. ते नाराज झाले, मग म्हणाले, "बघ बाई, तुझी मर्जी." मी तक्त्यावर दोन रकाने केले. 'काय चालतं' आणि 'काय चालत नाही'. दुसरा रकाना लांब होता. राष्ट्रीय पातळीवर माझी निवड झाली नाही. पण एक परीक्षक तो दुसरा रकाना वाचत माझ्याशी वीस मिनिटं बोलले. त्यांनी विचारलं, "जीएसएम मॉड्यूलला वीज कुठून देतेस?" मी म्हटलं, आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून. ते हसले. ते मॉड्यूल नेटवर्क पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. यूएसबीवर चालणाऱ्या बोर्डाला ते झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल रीसेट होतं. शिवाय त्याला पाच नाही, चारच्या आसपास व्होल्ट लागतात. वेगळा पुरवठा आणि एक मोठा कपॅसिटर. संपला विषय. सहा महिने मी ज्याच्यासाठी रडले, ते वीस मिनिटांत सुटलं, कारण पहिल्यांदाच मी "हे चालत नाही" असं मोठ्याने म्हटलं होतं. झाकून ठेवलेली चूक कोण दुरुस्त करणार?

मग आली २०२०. दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द, लॉकडाऊन, मी घरी. कांदा चाळीत. मी ठरवलं, नानांचं नाक विरुद्ध माझं यंत्र, अशी मॅच लावायची. या वेळी चार सेन्सर, भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपांत घालून ढिगाच्या आत, तळाशी. नव्वद दिवस वही ठेवली. नाना सकाळी फेरी मारून काय वाटलं ते सांगायचे, मी ते लिहायचे, मग यंत्राचा आकडा लिहायचे. आणि संशय आला की कप्पा उकरून बघायचा.

निकाल ऐका. खरोखर सडलेल्या जागा सापडल्या सात. नानांच्या नाकाने पाच पकडल्या. माझ्या यंत्राने तीन. आणि यंत्राने खोटी हाकाटी केली चौदा वेळा! शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला की वाजलं, चुलीचा धूर आला की वाजलं. कारण तो स्वस्तातला गॅस सेन्सर अमोनियालाही दाद देतो, धुरालाही. त्याला कांद्याचं काही पडलेलं नाही. नाना अजून सगळ्यांना सांगतात, "मी इंजिनिअरिंगला हरवलंय."

पण त्या तीनमधली एक जागा अशी होती, जी नानांना कळली नव्हती. अगदी तळाची. तिथे यंत्राने चार-पाच पाट्या कांदा वाचवला असेल. माझं आयुष्यातलं पहिलं खरं यश म्हणजे त्या चार-पाच पाट्या. ट्रॉफी नाही त्याची, वही आहे.

वही घेऊन मी गावातल्या आठ-दहा चाळवाल्यांकडे गेले. एका संचाला मला अडीच हजारांच्या आसपास खर्च येत होता. "घ्याल का?" एक काका म्हणाले, "पोरी, सडलाय हे मला वासाने कळतंच गं. कळल्यावर पंचवीस टनांतून तो काढायचा कोणी? मजूर मिळत नाही. कुठल्या कप्प्यात आहे ते नेमकं सांगत असशील तर बोल." मी दोन वर्षं 'सडलंय का' या प्रश्नामागे होते. गिऱ्हाइकाचा प्रश्न होता 'कुठे सडलंय'. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. कांद्याच्या याच दुखण्यावर आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कल्याणी शिंदे यांनी 'गोदाम इनोव्हेशन्स' नावाची कंपनी उभी केली. म्हणजे प्रश्न खरा होता, कल्पना वेडगळ नव्हती. चाळीत जाऊन बसायची तयारी पाहिजे होती.

जी मुलं पुढे गेली त्यांची सुरुवात बघा. तमिळनाडूत तिरुवन्नामलैच्या विनिशा उमाशंकरने गल्लीतला इस्त्रीवाला जळका कोळसा टाकताना पाहिला आणि सौर इस्त्रीगाडी सुचवली. २०२१ मध्ये ती ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. धारावीच्या मुलींनी नळावरच्या रांगेवर ॲप केलं, आपला नंबर आला की फोनवर कळणार. ओडिशाच्या ललिता प्रसीदाने मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांतून सांडपाणी गाळून पाहिलं आणि २०१५ च्या गुगल सायन्स फेअरमध्ये बक्षीस मिळवलं. यातली एकही अडचण लॅबमध्ये सापडलेली नाही. इस्त्रीची गाडी, नळ, मक्याचा कचरा. दारातच होतं सगळं.

तर आता, व्हॉइस नोटवाल्या दादा, तुझं उत्तर.

रेडिमेड घेऊ नकोस. पकडला जाशील म्हणून नाही. कदाचित नाही पकडला जाणार, मीही नव्हते पकडले गेले. पण त्या साडेतीन हजारांत तू मॉडेल विकत घेत नाहीयेस, "हे चालत नाही, मला मदत करा" असं म्हणायची संधी विकतोयस. मॉडेल अर्धंच झालं तर अर्धं घेऊन जा. तक्त्यावर दोन रकाने कर. एक वही ठेव, तारीख घालून, बिघडलं तेही लिही. ज्याच्यासाठी करतोयस त्या माणसाकडे, मग तो न्हावी असो, आजी असो, दूधवाला असो, निदान पाच वेळा जाऊन बस. दर वेळी आपलं तोंड कमी उघड. आणि कोणी आकडा विचारला, तो तुला माहीत नसला, तर "मोजलं नाही, सर, मोजून सांगतो" म्हण. या वाक्याने मार्क गेले तर जाऊ देत.

आणि सर, मॅडम, तुम्ही ऐकत असाल तर तुम्हालाही हात जोडून एक सांगते. मुलाचं मॉडेल बंद पडलं तर शाळेची मान खाली जात नाही. खिडकीत भाऊ उभा करायला लावू नका. घरी त्याच्यावर विश्वास ठेवणारं कोणीतरी असतं.

मी आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत गेले की यंत्राची नवी आवृत्ती लावते. या वर्षी खोट्या हाकाट्या चारवर आल्यात. नाना अजूनही रोज सकाळी चहाच्या आधी फेरी मारतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "नाना, आता बऱ्यापैकी चालतंय, नका जाऊ रोज." ते म्हणाले, "तू सांगशील तेव्हा थांबेन. पण खरं सांगशील तेव्हा."

मी अजून सांगितलेलं नाही. दोन सीझन आणखी मोजते, मग सांगेन.

चला, आजच्यासाठी एवढंच. तुमचं बंद पडलेलं मॉडेल काय होतं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. चाललेलं नको, बंद पडलेलंच पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू. तोवर काळजी घ्या, भेटू!